पत्त्यांत नसलेले पैलवान

नव्वदच्या दशकात आमच्या शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपायचा आणि उरलेला वेळ डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या पत्त्यांना मिळायचा. प्रत्येक पत्त्यावर एका पैलवानाचा फोटो आणि खाली आकडे: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढलेल्या फाइट्स, जिंकलेल्या फाइट्स. हातातल्या पत्त्यावरचा जो आकडा दणकट वाटेल तो पुकारायचा आणि समोरच्याचा पत्ता घ्यायचा. एका पावसाळी दुपारी खेळायला कुणी नव्हतं, तेव्हा मी वहीच्या मागच्या पानावर सगळ्या पत्त्यांवरच्या फाइट्सची बेरीज करत बसलो. हिशेब जुळेना. ही मंडळी एकमेकांशीच लढत असतील तर जेवढे विजय तेवढेच पराभव निघायला हवेत. इथे तर जवळजवळ प्रत्येकाच्या खात्यात विजयच जास्त. ते आकडे छापणाऱ्याने मनानेच टाकले असणार, हे आता कळतं. पण त्या दुपारचा प्रश्न खरा होता. उरलेले पराभव कुणाच्या वाट्याला गेले?

हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

ही माणसं केबलवर तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत, लक्षात मात्र ठेवलेली नाहीत. जाहिराती संपून कॅमेरा रिंगवर यायचा तेव्हा तो आधीच आत उभा असायचा. त्याच्यासाठी गाणं वाजत नसे, अंगावर झगा नसे. साधी चड्डी, साधे बूट. निवेदक त्याचं नाव, गाव आणि वजन एका दमात उरकायचा. मग दिवे फिरायचे, संगीत सुरू व्हायचं, लोक उभे राहायचे आणि नायक यायचा. दोन-तीन मिनिटांत आधीचा माणूस उताणा पडलेला असायचा. कॅमेरा विजेत्याच्या उंचावलेल्या हाताकडे गेला की खाली पडलेला माणूस कधी उठला, कसा उठला, हे आपल्याला कधीच दिसलं नाही.

अमेरिकेतल्या या धंद्यात त्याला ‘जॉबर’ म्हणतात. ‘जॉब करणं’ म्हणजे ठरल्याप्रमाणे हरणं. पुढे कंपन्यांनी ‘एन्हान्समेंट टॅलेंट’ असं सभ्य नाव काढलं, म्हणजे दुसऱ्याची शोभा वाढवणारा कलावंत. मराठीत प्रतिशब्द शोधताना मला निवडणुकीतला ‘पडेल उमेदवार’ आठवला, आणि या पुस्तकात मी ‘पडेल पैलवान’ असंच म्हटलं आहे. त्यात हेटाळणी नाही. पडणं हे ज्याचं कौशल्य, त्याला त्या कौशल्यावरून ओळखावं, एवढाच हेतू आहे.

‘नुरा’ हा शब्द मात्र मी जाणूनबुजून टाळला. लाल मातीत नुरा कुस्ती ही शिवी आहे आणि ती शिवीच राहिली पाहिजे. तिथे माणसं खऱ्या झुंजीसाठी आलेली असतात, इनाम खरं असतं, म्हणून ठरवून लढणं ही उघड फसवणूक ठरते. अमेरिकी व्यावसायिक कुस्ती मात्र निकाल ठरवूनच मांडली जाते. हे गुपित त्या मंडळींनी कित्येक दशकं जिवापाड जपलं. शेवटी १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनेच न्यू जर्सीच्या विधिमंडळाला सांगून टाकलं की ही करमणूक आहे, कारण खेळ म्हटला की सरकारी नियमन आणि कर पाठीशी लागत होते. तेव्हा हरणाऱ्याने कुणाला फसवलं, हा सवाल इथे गैरलागू आहे. त्याने आपलं काम कसं केलं, एवढंच विचारता येतं.

ते काम काय आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढची प्रकरणं वाचण्यात अर्थ नाही. ठरलेलं असतं ते कोण जिंकणार एवढंच. अंग मात्र खरोखरच आपटतं. कॅनव्हासखाली फोमचा पातळ थर, त्याखाली लाकडी फळ्या, त्याखाली लोखंडी तुळया. पडताना हनुवटी छातीला भिडवायची, श्वास सोडायचा, पाठ सपाट टेकवायची आणि दोन्ही हातांची थाप मारायची. त्याने धक्का एका जागी न बसता सगळीकडे पसरतो, आणि थापेचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. बॉडीस्लॅममध्ये उचलणाऱ्याच्या दंडांचं कौतुक होतं, पण अर्धी उडी खालच्याची असते. योग्य क्षणी तो पाय झटकतो, समोरच्याच्या मांडीवर हात रेटतो आणि आपलं वजन आपणच वर चढवतो. त्याने अंग सैल सोडलं तर भल्याभल्यांना तो उचलवणार नाही. नवशिका नायक असेल तर पुढचा डाव कोणता हेही हाच कानात सांगतो. मार कसा लागला हे चेहऱ्याने, पायांच्या लटपटण्याने, दोराला धरून उठण्याने दाखवणं हा तर वेगळाच अभ्यास. थोडं कमी पडलं तर नायक दुबळा दिसतो, थोडं जास्त झालं तर लोक हसतात.

आणि चूक झाली तर ती सुधारता येत नाही. डिसेंबर १९९० मध्ये फ्लोरिडातल्या टँपा शहरात ‘द रॉकर्स’ या लोकप्रिय जोडीसमोर असाच एक नवखा तरुण हरण्यासाठी उभा केला गेला. जोडीच्या ठेवणीतल्या डावात त्याची मान मोडली आणि शरीर लुळं पडलं. १९९४ मध्ये ज्यूरीने त्याला २ कोटी ६७ लाख डॉलर्सची भरपाई दिली. त्याचा विजय आधीच ठरलेला नव्हता, पराभव ठरलेला होता, आणि त्या ठरलेल्या पराभवात तो आयुष्यभरासाठी जायबंदी झाला. ‘सगळं खोटंच असतं’ असं म्हणणाऱ्याला मी ही एकच हकिगत सांगतो.

एवढी माणसं हरण्यासाठी लागत कशाला? कारण त्या काळात टीव्हीवरची कुस्ती ही मुळात जाहिरात होती. पैसा यायचा तो शहरोशहरी होणाऱ्या सामन्यांच्या तिकिटांतून. नायक आणि खलनायक यांची गाठ टीव्हीवरच फुकट घालून दिली तर तिकीट कोण काढील? म्हणून टीव्हीवर दोघांनाही वेगवेगळ्या पडेलांसमोर उभं करायचं, दोघांचेही डाव अचूक बसलेले दाखवायचे आणि मग गावात येऊन दोघांची झुंज लावायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला, पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला एका रात्रीत तीन-तीन आठवड्यांचे भाग चित्रित होत. त्यामुळे एकाच संध्याकाळी एकच माणूस दोन-तीनदा हरायचा, मध्ये घाम पुसून.

आमच्या आधीच्या पिढीला हे सगळं अगदीच अपरिचित वाटू नये. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग यांना पाहायला मुंबईकर गर्दी करत, तेव्हा समोर किंगकाँग असायचा. एमिल चाया हे त्याचं खरं नाव, जन्माने तो हंगेरियन. त्याचा तो अवाढव्य देह आडवा झाल्याशिवाय दारासिंग यांची ताकद डोळ्यांत भरली नसती. अर्थात किंगकाँग स्वतःच्या नावावर गर्दी खेचणारा होता. माझी माणसं त्याच्याही खालच्या पायरीवरची.

त्यांची तुलना करायची तर कशाने? विजयांची संख्या इथे निरुपयोगी आहे. मी एकच गोष्ट विचारतो: याच्या पडण्याने समोरच्याला काय मिळालं आणि बघणाऱ्याच्या मनात काय झालं?

एस. डी. जोन्स हा कॅरिबियनमधल्या अँटिग्वाचा. नावातल्या ‘एस. डी.’चा अर्थ ‘स्पेशल डिलिव्हरी’. हसरा, रंगीबेरंगी शर्ट घालणारा हा माणूस लोकांना मनापासून आवडायचा. इतका की त्या काळातल्या रबरी बाहुल्यांच्या मालिकेत त्याचीही बाहुली निघाली. तो पडला की लोक हळहळायचे, आणि तीच हळहळ समोरच्या दांडगटाची कमाई असायची. १९८४ मध्ये बिग जॉन स्टड आणि केन पटेरा यांनी आंद्रे द जायंटचे केस कापले, त्या रात्री आंद्रेचा जोडीदार जोन्सच होता. कंपनीच्या पहिल्या रेसलमेनिया सोहळ्यात आंद्रे आणि स्टड समोरासमोर आले, त्या वैराची ठिणगी तिथली. त्याच रेसलमेनियात, ३१ मार्च १९८५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, जोन्सला किंग काँग बंडी या दुसऱ्याच दांडगटाच्या समोर उभं केलं गेलं. नऊ सेकंदांत निकाल लागल्याचं जाहीर झालं. त्याची सगळी कारकीर्द पुढे त्या नऊ सेकंदांत कोंबली गेली, हा अन्याय आहे, आणि त्याच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

‘आयर्न’ माइक शार्प याचं पडणं याच्या अगदी उलट. कॅनडातल्या हॅमिल्टनचा हा सहा फुटांहून उंच गडी स्वतःला ‘कॅनडाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू’ म्हणवून घ्यायचा. हातावर कायम काळा पट्टा, आणि लढत सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तोंडाने अखंड आरडाओरडा. मारताना ओरडणार, मार खाताना ओरडणार, नुसता चालतानाही ओरडणार. रिकाम्या, थंड सभागृहातसुद्धा तो आवाजाने जीव आणायचा. तो पडला की लोक खूश व्हायचे. नव्या, अजून कच्च्या नायकाला पहिली टाळी मिळवून द्यायची तर शार्पसारखा माणूस लागायचा. १९८३ मध्ये त्याला बॉब बॅकलंडविरुद्ध विजेतेपदाच्या लढतीही मिळाल्या होत्या. पुढची सारी वर्षं मात्र उतरणीची.

शार्पच्या मागे एक इतिहास आहे आणि तो सांगताना मला दर वेळी थांबावंसं वाटतं. त्याचे वडील माइक आणि काका बेन हे शार्प बंधू सॅन फ्रान्सिस्कोमधली नामांकित जोडी होते. फेब्रुवारी १९५४ मध्ये त्यांना जपानला नेण्यात आलं. १९ तारखेला टोकियोच्या कुरामाए कोकुगिकानमध्ये त्यांच्यासमोर रिकीदोझान आणि मासाहिको किमुरा उभे राहिले. जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, घरोघरी संच नव्हते, म्हणून चौकाचौकांत मांडलेल्या टीव्हीसमोर माणसांचा समुद्र लोटला. महायुद्धातल्या पराभवाला नऊ वर्षंही पुरी झाली नव्हती. उंच, धिप्पाड गोरे पैलवान रिकीदोझानच्या हाताच्या फटक्यांनी मागे हटताहेत, कोलमडताहेत, हे एका हरलेल्या देशाने पाहिलं. जपानमधल्या व्यावसायिक कुस्तीचं पर्व त्या दौऱ्यातून सुरू झालं. रिकीदोझानचं नाव तिथे पोराटोरांना ठाऊक झालं. तो मूळचा कोरियात जन्मलेला, ही गोष्ट त्या वेळी झाकून ठेवली गेली होती. पण त्याचे फटके खाऊन योग्य वेळी योग्य तऱ्हेने पडणारे दोघे भाऊ नसते तर तो चमत्कार झाला नसता. बापाच्या कोलमडण्याने एक देश उठून उभा राहिला. मुलगा तीच विद्या पोकिप्सीच्या सभागृहात दर तीन आठवड्यांनी खर्ची घालत होता. २०१६ मध्ये तो गेला.

स्टीव्ह लोंबार्डीचं पडणं ही नोकरी होती, आणि हा शब्द मी आदराने वापरतो. ऐंशीच्या दशकात साध्या चड्डीत हरणारा हा तरुण १९८९ मध्ये ‘ब्रुकलिन ब्रॉलर’ झाला: फाटका टी-शर्ट, जीन्स, अंगावर गल्लीतल्या भांडणाची कळा. त्यानंतर त्याने काय नाही केलं? डोइंक या विदूषकाचा मुखवटा गरजेप्रमाणे चढवला, कमाला या पैलवानाचा सांभाळकर्ता किम ची म्हणून टोपीखाली तोंड झाकलं, १९९४ मध्ये बेसबॉलपटूंचा संप झाला तेव्हा ‘एब नकलबॉल श्वार्ट्झ’ नावाचा संतापलेला बेसबॉल खेळाडूही रंगवला. १९९७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली बॅटल रॉयल त्याने जिंकली आणि शॉन मायकल्सशी विजेतेपदाची लढत मिळवली. २००० मध्ये तर ट्रिपल एचला त्याने चक्क चीत केलं. सोबतीला दोन जोडीदार आणि बाहेरून ख्रिस जेरिकोची मदत होती, पण पंचाने तीन मोजले ते त्याच्यासाठी. पडद्यामागची कामं धरून तीस वर्षांहून अधिक काळ तो एकाच कंपनीत टिकला. ज्यांना त्याने मोठं केलं त्यांतले किती तरी दोन-चार वर्षांत दिसेनासे झाले.

या सगळ्यांत डावांचा उत्तम जाणकार बॅरी होरोविट्झ. फ्लोरिडात बोरिस मालेंकोच्या हाताखाली शिकलेला. चड्डीवर डेव्हिडचा तारा, आणि एखादा डाव बसला की स्वतःच स्वतःची पाठ थोपटायची सवय. दुसरं कुणी थोपटत नव्हतं म्हणून लोकांना आधी हसू यायचं, पुढे पुढे माया वाटू लागली. कित्येक वर्षं पडून झाल्यावर जुलै १९९५ मध्ये त्याने स्किप या तोऱ्यातल्या पैलवानाला हरवलं, आणि निवेदकांचाच विश्वास बसेना. ऑगस्टमध्ये पिट्सबर्गच्या समरस्लॅममध्ये हाकुशीच्या साहाय्याने त्याने स्किपला पुन्हा हरवलं. आज पडेल पैलवानांचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचं येतं. मला त्याचं मोल कमी करायचं नाही. पण त्याला लक्षात ठेवलं जातं ते त्या विजयामुळे, आणि तिथे आपण पुन्हा पत्त्यांवरच्या त्याच रकान्यात शिरतो. होरोविट्झची खरी थोरवी हरलेल्या लढतींत आहे. तिथे कोपर मुरगाळणं, पायात पाय अडकवून पाडणं इतकं सफाईदार आहे की समोरचा नायक असल्या जाणकाराला हरवून आणखी मोठा दिसतो.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कंपन्यांत जॉर्ज साउथ होता आणि बिल व रँडी हे मल्की बंधू होते. मल्की बंधू इतके नेमाने हरले की १९८७ मध्ये एक लढत जिंकून त्यांना क्रॉकेट कप या स्पर्धेत जागा मिळाली तेव्हा लोकांनी तो सण केला. त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो. वर चढून गेलेल्यांबद्दल मात्र मी थोडक्यात आटोपलं आहे. १९८६ मध्ये मिक फोली डायनामाइट किडच्या फटक्याने जबडा दुखावून घेऊन घरी गेला. १९९४ मध्ये १६ वर्षांचा जेफ हार्डी रेझर रेमनसमोर पडला. आणि १७ मे १९९३ रोजी त्याच रेमनला एका किडकिडीत पोराने हरवलं आणि त्याचं नावच ‘वन-टू-थ्री किड’ पडलं. त्यांच्या कथा सगळीकडे आहेत. शिडी चढून जाणाऱ्यापेक्षा शिडी होणाऱ्याकडे माझं लक्ष आहे.

हा वर्ग संपला तो स्पर्धेमुळे. सप्टेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘नायट्रो’ हा कार्यक्रम सुरू केला आणि सोमवारी रात्री दोन कंपन्या समोरासमोर आल्या. प्रेक्षक चॅनेल बदलेल या भीतीने दोघांनीही मोठ्यांच्या लढती टीव्हीवरच द्यायला सुरुवात केली, आणि पडेलांची गरज आटली. नंतर पराभव हीच गोष्ट विकली जाऊ लागली. डुएन गिल हा वर्षानुवर्षं हरलेला माणूस नोव्हेंबर १९९८ मध्ये लाइट हेविवेट विजेता झाला, मग ‘गिलबर्ग’ बनला आणि तो किताब सुमारे १५ महिने त्याच्याकडेच राहिला. कर्ट हॉकिन्सच्या सलग २६९ पराभवांची मोजदाद झाली आणि ७ एप्रिल २०१९ रोजी रेसलमेनियात ती थांबली. मला हॉकिन्सबद्दल आपुलकी आहे, पण ज्याचे पराभव मोजले जातात तो माझ्या लेखी पडेल नव्हे. तो नायकच, उलट दिशेने चालणारा. ‘थ्री एमबी’ या कायम हरणाऱ्या त्रिकुटातले जिंदर महाल आणि ड्रू मॅकिन्टायर पुढे दोघेही कंपनीचे मुख्य विजेते झाले. महाल २०१७ मध्ये झाला तेव्हा भारतात त्याची केवढी चर्चा झाली. तिसरा हीथ स्लेटर. पुस्तकात प्रकरण आहे ते स्लेटरवर.

माझा कौल विचाराल तर पहिला शार्प, दुसरा जोन्स, मग होरोविट्झ, आणि लोंबार्डी या रांगेच्या बाहेर, कारण त्याच्याशी तुलना व्हावी असा दुसरा कुणी नाही. शार्प पहिला अशासाठी, की पडतानाही लोकांना आनंद देणं त्याने एकदाही सोडलं नाही, आणि त्या आनंदाचं श्रेय दर वेळी दुसऱ्याच्या खात्यात गेलं. जॉनी रॉड्झचं नाव कुणी काढेल. तो १९९६ मध्ये कंपनीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, ब्रुकलिनच्या ग्लिसन्स जिममध्ये त्याने टॅझ, टॉमी ड्रीमर, डी-व्हॉन डडली घडवले. तो वस्ताद म्हणून थोर आहे आणि त्याच्यासाठी वेगळं पुस्तक लागेल.

वाचकाला एक विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी ३१ मार्च १९८५ची ती लढत शोधा आणि हातात घड्याळ घेऊन बघा. बंडी जोन्सला कोपऱ्यात चिणतो, सगळ्या देहानिशी त्याच्यावर आदळतो, मग तो खाली पडल्यावर अंगावर उडी घेतो. घंटेपासून पंचाच्या तिसऱ्या थापेपर्यंत मोजा. नऊ सेकंद होत नाहीत. वीसहून जास्त होतात.